रायफलीची स्वस्त दुर्बीण : जुनी आणि नवी

रायफलीवर बसवायच्या जुन्या स्वस्त दुर्बिणी आजच्या स्वस्त दुर्बिणींपेक्षा सरस होत्या, असे मुरलेले नेमबाज ठामपणे सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. काचेच्या बाबतीत आजची स्वस्त दुर्बीण पुढे गेली आहे; बसवलेला नेम धरून ठेवण्यात मात्र ती मागे पडली आहे. हा फरक तपासायचा तर काडतुसापासून सुरुवात करावी लागते, कारण दुर्बिणीची परीक्षा काडतूस घेते. आणि भारतीय सैन्याच्या रायफलींची काडतुसे साठ वर्षे ज्या थोड्या ठिकाणी बनत आली, त्यांत भुसावळ तालुक्यातले वरणगाव आहे.

वरणगावची आयुध निर्माणी 1964 ची. 1962 च्या पराभवानंतर शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांची जी वाढ झाली, त्या काळातली. संरक्षणमंत्रिपदी तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. सैनिकाच्या हातात 7.62 मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल येत होती आणि तिला मागे छिद्र व पुढे माशी एवढेच नेमाचे साधन होते. पुढची पंचवीस वर्षे त्यात सांगण्यासारखा बदल झाला नाही. साध्या शिपायाला दुर्बीण मिळत नव्हती, आणि हौशी नेमबाजाला आयात परवान्यांच्या राज्यात ती मिळणे दुरापास्तच होते.

बाहेरच्या जगात मात्र स्वस्त दुर्बिणीने जम बसवला होता. अमेरिकेत बिल वीव्हर याने 1930 मध्ये साध्या माणसाला परवडेल अशी दुर्बीण विकायला काढली. बैठकीसह तिची किंमत 19 डॉलर होती. तिचीच पुढची आवृत्ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी स्नायपर रायफलीवर चढली. 1947 नंतरची वीव्हरची के-4 ही पोलादी नळीची, चार पट मोठे दाखवणारी दुर्बीण कित्येकांनी आयुष्यभर वापरली. साठच्या दशकापासून जपानी कारखान्यांनी टास्को, बुशनेल अशा अमेरिकी नावांखाली तसाच माल आणखी स्वस्तात दिला. या दुर्बिणींना वैशिष्ट्ये फारशी नव्हती. शक्ती एकच, फुली एकच आणि आत हलणारे भाग अगदी मोजके.

काडतुसांच्या जगात खरी उलथापालथ झाली ती 1990 च्या दशकात, आणि भारतापुरती ती नीट पाहण्याजोगी आहे. एकाच दशकात साध्या शिपायाच्या रायफलींसाठी तीन वेगवेगळी काडतुसे नांदू लागली. जुने 7.62 होतेच. दशकाच्या आरंभी एके-47 च्या घराण्यातल्या रायफली मोठ्या संख्येने आयात झाल्या, त्यांचे काडतूस निराळे. मग इन्सास ही देशी रायफल आली, 5.56 मिलिमीटरची. 1998 च्या प्रजासत्ताक दिनी ती संचलनात दिसली. पण देशी काडतूस पुरेसे नसल्याने तिचा प्रसार रखडला आणि 5.56 ची मोठी खरेदी इस्रायलकडून करावी लागली. रायफल आधी आणि काडतूस मागून, ही उलटी गाडी त्या दशकाची सर्वांत मोठी चूक होती. वरणगावसारखी काडतुसांची निर्माणी देशात असताना ती व्हायला नको होती.

याच काळात सैन्यात रुळलेल्या द्रागुनोव्ह या स्नायपर रायफलीवर सोव्हिएत बनावटीची पीएसओ-1 ही दुर्बीण असे. साधी दुर्बीण किती विचारपूर्वक करता येते याचा ती उत्तम नमुना आहे. शक्ती चार पट, पुढचे भिंग अवघे 24 मिलिमीटरचे. डोळा लावला की मध्यभागी छतासारखी एक खूण दिसते आणि तिच्याखाली आणखी तीन. डाव्या कोपऱ्यात एक वक्र रेघ खाली खाली येत जाते. 1.7 मीटर उंचीचा माणूस त्या रेघेत पायापासून डोक्यापर्यंत जिथे बरोबर मावतो, तिथला आकडा म्हणजे त्याचे अंतर, शंभर मीटरच्या पटीत. वरची चकती तेवढ्या आकड्यावर फिरवायची आणि घोडा दाबायचा. चकतीवरचे आकडे एकाच काडतुसासाठी कोरलेले असतात. दुसरे काडतूस घातले तर ते खोटे ठरतात.

1999 च्या कारगिल युद्धाने या हिशेबाची मर्यादा दाखवली. टायगर हिलचा माथा 5,000 मीटरच्या वर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. गोळीला अडथळा कमी होतो आणि ती अपेक्षेपेक्षा वर लागते. तीव्र चढाच्या दिशेने मारा केला तरी परिणाम तोच. म्हणजे सपाटीवर बसवलेला नेम तिथे दोन्ही कारणांनी वर जातो आणि दुरुस्ती माणसालाच करावी लागते. दुर्बीण जुनी की नवी, याने त्यात फरक पडत नाही. पण फिरवलेली चकती तेवढीच फिरली याची खात्री हवी, नाहीतर दुरुस्तीला अर्थ राहत नाही.

स्वस्त दुर्बीण नेमकी इथेच घसरली. 1985 च्या प्लाझा करारानंतर दोन-अडीच वर्षांत येन डॉलरच्या तुलनेत जवळपास दुप्पट महाग झाला. स्वस्त जपानी माल स्वस्त राहिला नाही आणि उत्पादन कोरिया, फिलिपिन्स व चीनकडे सरकत गेले. टास्को 2002 मध्ये बुडाली. त्यानंतर स्पर्धा सुरू झाली ती आकड्यांची: तीन ते नऊ पट, सहा ते चोवीस पट, लाल-हिरवी दिवेवाली फुली, बाजूला आणखी एक चकती. किंमत तीच ठेवून भाग वाढवले, तर प्रत्येक भागावरचा खर्च घटणारच.

जुनी दुर्बीण संध्याकाळी उजळ दिसते, असे तिचे चाहते सांगतात. ते खरे आहे, पण श्रेय काचेचे नाही. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. चार पट आणि 32 मिलिमीटरला ती 8 मिलिमीटर येते. चोवीस पट आणि 50 ला जेमतेम 2. अंधारात डोळ्याची बाहुली 5 ते 7 मिलिमीटर उघडते, त्यामुळे दुसऱ्या दुर्बिणीत चित्र मंद दिसणारच. काचेवरच्या लेपाच्या बाबतीत नवी निर्विवाद सरस आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाया जातो. आजचा बहुपदरी लेप ही गळती काही टक्क्यांवर आणतो, आणि असा लेप आता स्वस्त मालालाही असतो.

नेमाचे गणित वेगळे आहे. चकती फिरवली की आतली नळी एका स्प्रिंगच्या विरुद्ध किंचित सरकते. कोनाच्या पाव मिनिटाची एक टिकटिक म्हणजे 100 मीटरवर सुमारे सव्वासात मिलिमीटर. स्प्रिंग लेचीपेची असेल तर नळी झटक्याने जागा सोडते. कस पाहायची रीत सोपी आहे. 100 मीटरवर एक गोळी मध्यावर मारावी. मग वीस टिकटिका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असे करत प्रत्येक वेळी एक गोळी मारावी, नेम मात्र मूळ मध्यावरच धरावा. साडेचौदा सेंटीमीटर बाजूचा चौकोन पुरा होऊन शेवटची गोळी पहिलीच्या लगत लागली, तर दुर्बीण खरी. परवाना न लागणाऱ्या 4.5 मिलिमीटरच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलीवर ही परीक्षा आणखी कठीण होते, कारण ती आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन झटके देते. पुढच्या दिशेचा झटका सोसण्याची तयारी फार थोड्या स्वस्त दुर्बिणींची असते.

जुन्या मालालाही वय लागते. रबरी कडी कडक होते, आतला नायट्रोजन निघून जातो, भिंगे जोडणारा डिंक पिवळा पडतो किंवा सुटतो. कोकणात बुरशी धरते. खान्देशात ती भीती कमी, पण भुसावळ-वरणगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आतले वंगण पातळ करून काचेवर आणतो.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि 41 निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगावचे काडतूस पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, इच्छापूर व तिरुचिरापल्लीच्या रायफली कानपूरच्या कंपनीकडे आणि देहरादूनच्या दुर्बिणी इंडिया ऑप्टेलकडे. काडतूस, रायफल आणि दुर्बीण एका हिशेबात बसवायच्या असताना त्यांचे धनी तीन झाले, ही वाटणी चुकीची आहे. सैन्यदलांसाठी 2019 मध्ये करार करून घेतलेल्या 72,400 अमेरिकी रायफली पुन्हा 7.62 च्याच आहेत, म्हणजे वरणगावच्या जुन्या ओळखीच्या मापाच्या. त्यांच्यासाठी रात्रीच्या दुर्बिणींचा मोठा करार व्हायला 2025 उजाडले.

हौशी नेमबाजाने जुनी दुर्बीण चौकोनाची परीक्षा घेऊनच विकत घ्यावी, आणि काचेत धुके किंवा पिवळेपणा दिसला तर परत करावी. तेवढ्याच पैशात नवी घ्यायची असेल, तर एकाच शक्तीची, चार पटीची आणि दिवा नसलेली घ्यावी.