०.०१ दिसतं म्हणून ०.०१ बरोबर असतं?

घरी साबण, क्रीम, लिपबाम बनवणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली तळहाताएवढा डिजिटल वजनकाटा हमखास दिसतो. क्षमता २०० ग्रॅम, पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन आकडे. एवढ्यावर मोजमाप बिनचूक झालं असं धरून चालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

०.०१ ग्रॅम हा काटा दाखवू शकतो तो सर्वांत लहान टप्पा. अचूकतेची ती हमी नव्हे. अशा काट्याच्या पोटात धातूची पट्टी असते. वजन पडलं की ती किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध बदलतो. तापमान, उतरलेली बॅटरी, कललेलं टेबल, डोक्यावरचा पंखा, पारड्याच्या कडेला ठेवलेली वाटी यांतल्या कशानेही शेवटचा आकडा हलतो. सराफाचा नाजूक काटा काचेच्या पेटीत असतो तो वाऱ्यापासून वाचवण्यासाठीच. घरच्या काट्यावर एकच वस्तू चार-पाच वेळा उचलून ठेवावी. आकडे ०.०३ ग्रॅमने मागेपुढे होत असतील, तर त्यावर ०.१० ग्रॅम मोजताना जवळपास तिसऱ्या हिश्श्याची चूक होऊ शकते.

याचा फटका कुठे बसतो? फेनॉक्सिएथॅनॉल या संरक्षकाची कमाल मर्यादा युरोपीय संघाच्या नियमांत १ टक्का आहे, म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये १ ग्रॅम. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा ‘१’ दाखवतो तेव्हा पारड्यात अर्धा ग्रॅमही असू शकतो किंवा दीडही. कमी पडलं तर क्रीमला बुरशी लागते, जास्त झालं तर त्वचेला त्रास होऊ शकतो. थेंब मोजणं हाही उपाय नाही, कारण थेंबाचं वजन द्रवागणिक आणि ड्रॉपरगणिक बदलतं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे शून्य. बऱ्याच काट्यांत पडद्यावरचं शून्य आपोआप टिकवण्याची सोय असते. काटा शून्यावर आणून चिमूट चिमूट पावडर टाकत गेलं, की ती हळूहळू होणारी वाढ काटा ‘सरकलेलं शून्य’ समजून गिळून टाकतो. पडद्यावर ०.००, आणि वाटीत मात्र पावडर. ती वेगळ्या लहान कपात काढून एकदम पारड्यावर ठेवावी, किंवा आधी एखादं नाणं ठेवून त्याच्या आकड्यापासून पुढे मोजावं. फारच कमी मात्रा हवी असेल, तर १ ग्रॅम पाण्यात विरघळणारा रंग ९ ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवावा. त्या द्रावणाचा १ ग्रॅम घेतला की ०.१ ग्रॅम रंग मिळतो.

नाणं इथे चालतं, पण काटा जुळवायला नाही. ५ रुपयांचं जुनं जाड तांबे-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं होतं, नंतरचं स्टीलचं ६ ग्रॅमचं आलं. शिवाय वापरून झीज होते ती वेगळीच. जुळवणीसाठी एम१ वर्गाचं वजन घ्यावं. १०० ग्रॅमच्या अशा वजनात फार तर ५ मिलिग्रॅमचा फरक चालतो. ‘कारखान्यातच जुळवलाय’ यावर विसंबू नये. काटा खरं तर बल मोजतो, आणि विषुववृत्त ते ध्रुव गुरुत्वाकर्षण सुमारे अर्ध्या टक्क्याने बदलतं. म्हणून जिथे वापरायचा तिथेच जुळवावा.

टेअरचं बटण दाबलं की भांड्याचं वजन पडद्यावरून जातं, पारड्यावरून नाही. १५० ग्रॅमची काचेची वाटी ठेवली, तर २०० ग्रॅमच्या काट्यावर उरतात फक्त ५०. त्यापलीकडे गेलं तर पट्टी कायमची वाकू शकते.

दशांश जास्त तेवढं चांगलं, हाही भ्रमच. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाच्या साबणाला, ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवून, सुमारे ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तिथे १ ग्रॅमच्या टप्प्याचा चांगला, मोठ्या क्षमतेचा काटा पुरतो. म्हणून घरी दोन काटे असावेत.

मात्र पावसाळ्यात सोड्याचा डबा उघडा ठेवू नका. तो हवेतली ओल ओढून घेतो. काटा ८७ बरोबरच दाखवेल, पण त्यातला काही भाग पाणी असेल. हातमोजे आणि चष्मा घाला, सोडा मोजताच झाकण घट्ट लावा आणि सोडा थोडा थोडा पाण्यात घाला. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका.