ऐन सुगीत नवं मळणी यंत्र बंद पडलं, तर बुडालेली कमाई मागता येते का?

सोयाबीनची मळणी म्हणजे मोजक्या दिवसांचा खेळ. कर्ज काढून घेतलेलं नवं मळणी यंत्र त्याच दिवसांत बंद पडलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या यंत्राकडे वळतं. दुकानदार म्हणतो, "वॉरंटीत आहे, पार्ट बदलून देतो." बुडालेल्या भाड्याचं विचारलं की हात वर.

पण कायदा एवढ्यावर थांबत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 73 यासाठीच आहे. करार मोडल्याने जे नुकसान साहजिकच होतं, किंवा होईल हे व्यवहार ठरतानाच दोघांना ठाऊक होतं, त्याची भरपाई मागता येते. लांबच्या, आडवळणाच्या नुकसानीची नाही. कायद्याच्या पुस्तकात गिरणीचं उदाहरणच दिलंय. मालकाने गिरणीचं यंत्र पोचवायला दिलं आणि सांगितलं, की याच्यावाचून गिरणी बंद आहे. वाहतूकदाराने विनाकारण उशीर केला. तेवढ्या दिवसांत गिरणी चालून जो सरासरी नफा झाला असता, तो मालकाला मिळतो. पण त्यापायी हातचं गेलेलं सरकारी कंत्राट? त्याचे पैसे मिळत नाहीत.

म्हणून खरेदीच्या वेळीच सांगून ठेवायचं, आणि तेही लेखी. "यंत्र भाड्याने मळणीसाठी घेतोय, अमुक तारखेपासून कामं ठरली आहेत," असं कोटेशनवर लिहून घ्यावं. निदान दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं. तोंडी बोलणं पुढे सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

मागणी निव्वळ नफ्याची असते, एकूण भाड्याची नाही. समजा, दिवसाला 15,000 रुपयांची मळणी होते आणि डिझेल, मजुरीला 9,000 जातात. मग यंत्र 8 दिवस बंद राहिलं तर हिशेब 48,000 चा, 1,20,000 चा नव्हे. मागच्या हंगामाची वही असेल तर ती इथे उपयोगी पडते. आणखी एक, यंत्र बंद म्हणून गप्प बसून राहिलं तर तेही अंगलट येतं. नुकसान कमी करायला काय करता आलं असतं, हे कोर्ट बघतंच.

दाद आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मागता येते. यंत्राला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीची मुदत 2 वर्षं. इथे कंपनीचा वकील हमखास म्हणतो, "हा तर धंदा, हे ग्राहक कसले?" पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या यंत्राचा मालक ग्राहकच ठरतो. हाताखाली एक-दोन माणसं असली तरी बिघडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सांगितलंय. चार-पाच यंत्रं पगारी माणसांकडून चालवणाऱ्याला मात्र दिवाणी कोर्टाचाच रस्ता धरावा लागू शकतो.

बिल, वॉरंटी कार्ड, बंद यंत्राचे व्हिडिओ जपून ठेवावेत. पण बहुतेक जण फसतात ते जॉब कार्डवर. मेकॅनिक घाईघाईत सही घेतो आणि वर छापलेलं असतं, "यंत्र चालू, तक्रार नाही." यंत्र चालू झालं नसेल तर तसं हाताने लिहावं, तारीख टाकावी, मगच सही करावी आणि त्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्यावा.