जुनेराचा चौकोन आणि दोन सुते

नोएडात ‘ब्लॉक’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम घराचा पत्ता उभा राहतो. कारण १९७६ च्या एप्रिलात ज्या नगराचा जन्म एका शासकीय अधिनियमान्वये झाला, आणि ज्याचे नावसुद्धा प्राधिकरणाच्या इंग्रजी नामाची आद्याक्षरे टाचून सिद्ध करण्यात आले, त्या या नगराने यमुना आणि हिंडन यांच्यामधली शेते सेक्टर व ब्लॉक अशा तुकड्यांत कापून पुन्हा रस्त्यांच्या शिवणींनी जोडली आहेत. सेक्टर १९ मध्ये बिऱ्हाड मांडून मला बारा वर्षे झाली होती, तेव्हा भिशीच्या बैठकीत मी “आपण एकमेकींचे ब्लॉक बदलून घेऊ या” असे सुचवले, त्यावर समोरच्या पंजाबी वहिनींनी अत्यंत गंभीरपणे, “मकान क्यों बदलना है, बहनजी?” अशी पृच्छा केली.

मी बोलत होते ते रजईसाठी सुटे शिवून मग जोडायच्या कापडी चौकोनांविषयी. या हुन्नराचा अमेरिकी इतिहास वाचकांनी अन्यत्र पुष्कळ वाचला असेल. बाल्टिमोरच्या १८४० च्या दशकातील सह्या केलेल्या आल्बम-रजया, कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्राने १९२८ पासून छापलेले नमुने, १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढलेले फिरत्या पात्याचे कटर, ही सर्व मंडळी मी एका दमात उरकते. त्यांच्यामुळे हात झटपट चालू लागला, यापलीकडे मला त्यांत रस नाही. एका उदाहरणापाशी मात्र थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४२ मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी कोंडून ठेवलेल्या स्त्रियांनी तीन रजया केल्या. प्रत्येकीत सहासष्ट चौकोन, आणि एकेक चौकोन एकेका बंदिनीच्या हातचा. त्यांच्यापासून वेगळे कोंडलेल्या पुरुषांना चौकोनावरचे नाव वाचून आपली बायको जिवंत आहे एवढे कळावे, हा त्या उद्योगाचा एक हेतू होता. अनेक हातांच्या कामाला एकच माप का लागते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या हकिगतीने अधिक नीट समजावले.

आता आपल्याकडे येऊ. अलीकडे काही विदुषी, ज्यांची नावे घेऊन मी त्यांना अधिक प्रसिद्धी देऊ इच्छीत नाही, गोधडी म्हणजे आमचा शतकानुशतकांचा स्वदेशी ब्लॉकच होय, असे व्याख्यानांतून ठासून सांगतात. वस्तुतः या विधानाला गोधडीतला एकही टाका आधार देत नाही. ब्लॉक आधी स्वतंत्रपणे शिवला जातो आणि मग जोडला जातो. आपली बाई मात्र जुनी लुगडी जमिनीवर एकावर एक अंथरून, त्यांवर ठिगळे मांडून, सगळा डोलारा एकाच वेळी धावदोऱ्याने सांधत जाते, आणि तेही कडेपासून आत, चौकोनात चौकोन काढीत, मध्यापर्यंत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया, ज्यांपैकी अनेकींच्या घरची बोली कोंकणी-मराठीशी सोयरीक सांगते, त्यांची ‘कवंदी’ याच न्यायाने कोपऱ्यापासून सुरू होऊन मध्याशी संपते. प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडलेली असते, आणि चारी कोपऱ्यांना ‘फुला’ म्हणून त्रिकोणी घड्या बसवल्यावाचून त्या आपले काम पुरे झाले असे मानीत नाहीत. संस्कृतातली साधूंची कंथा, गाडगे महाराजांना ‘गोधडेबुवा’ हे नाव मिळवून देणारे वस्त्र, आणि कवंदी, या तिन्हींत तुकडे आहेत. पण अदलाबदलीला लागणारा सुटा चौकोन त्यांतल्या एकातही नाही. तो आपण बाहेरून घेतला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बटाटासुद्धा आपण बाहेरूनच घेतला.

माझ्या आईच्या अंगणात उन्हाळ्यात वाकळ पडे. पडे असेच म्हणत; शिवली असे कोणी म्हणत नसे. चार बायका चार बाजूंनी बसत, मेण लावलेला जाड दोरा दाभणात असे, आणि ज्या बाजूला मावशी बसे तेथले टाके ज्वारीच्या दाण्याएवढे सारखे पडत, तर आमच्या काकूंच्या बाजूला ते भुईमुगाच्या शेंगांसारखे लांबट येत. आई ते कधी उसवीत नसे. मध्याशी शेवटचा हातभर भाग उघडा राहिला की त्यात पोळीचा एक तुकडा आणि चिमूटभर हळद-कुंकू ठेवून तो बंद करीत. गोधडीचे पोट रिकामे राहू नये, एवढेच त्याचे स्पष्टीकरण मिळे. पुढे घटस्थापनेच्या आधी साऱ्या आळीच्या गोधड्या नदीवर जात, आणि ओली वाकळ पिळायला दोन टोकांना दोन माणसे लागत. येथे नोएडात ती सोय कोठून असावी? धुण्याचे यंत्र तिसऱ्या वाकळेला मोडले, आणि दुरुस्तीला आलेल्या इसमाने ‘गद्दा धोया था क्या?’ असे विचारून माझी जी काही सांस्कृतिक प्रतिष्ठा होती ती नाल्यात सोडली.

आमची पहिली अदलाबदल झाली ती बाराजणींची. प्रत्येकीने एकच नमुना बारा वेळा शिवायचा, दिवाळीच्या आत कारभारणीकडे, म्हणजे माझ्याकडे, रुजू करायचा, आणि परत जाताना बारा हातांचे बारा चौकोन न्यायचे. माप साडेबारा इंच, म्हणजे चारी कडांची दुमड वजा जाता बारा. दुमड पाव इंच, म्हणजे सुताराच्या हिशेबाने दोन सुते. हे ‘दोन सुते’ मी इतक्या वेळा उच्चारले की भिशीत माझे तेच टोपणनाव पडले. पण हिशेब पाहा. आठ तुकड्यांच्या ओळीत सात शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही पदरांना अर्धेच सूत अधिक खाल्ले गेले, तरी ओळीच्या शेवटी सात सुते, म्हणजे जवळजवळ एक इंच, हवेत विरते. त्यातून त्रिकोणाची कड उरेब पडली, तर इस्त्री फिरवतानाच ती ताणते. आमचे एकशे चव्वेचाळीस चौकोन मोजले तेव्हा सर्वांत लहान पावणेबारा आणि सर्वांत मोठा तेरा इंच निघाला. चौकशीअंती असे उघडकीस आले की तेरा इंचवाल्या बाईंची कापडी टेप वीस वर्षांच्या सेवेने स्वतःच लांबली होती. आणखी एकीचा लाल खण पहिल्या धुण्यात शेजारच्या पांढऱ्या मलमलीवर सुटला. त्या दिवसापासून आमचा शिरस्ता ठरला: टेप माझ्या पोलादी पट्टीशी ताडून घ्यायची, कापड आधी गरम पाण्यात धुवायचे, आणि टाक्याविषयी कोणी कोणास बोलायचे नाही. माप सरकारी, हात खाजगी.

कापडाच्या प्रश्नावर मात्र माझे आणि अदलाबदलीत नंतर आलेल्या नव्या मंडळींचे फाटले. त्यांच्या मते अदलाबदलीचे कापड नवे, एकाच जातीचे आणि शक्यतो परदेशी छापाचे असावे, म्हणजे बाराही चौकोन एका घरचे दिसतात. मग अदलाबदल तरी कशाला? कापड नवेच पाहिजे तर ते दिल्लीत शंकर मार्केटात मीटरने, आणि उरलेसुरले पाहिजे तर मंगोलपुरीच्या कतरण बाजारात किलोने मिळते. शिवाय आमच्याच नगरातल्या, निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून कतरणीची पोती निघत असतात. त्या कतरणीला मी अस्पृश्य मानीत नाही, पण तिला कोणाच्या अंगाचा वास नाही. माझा आग्रह जुनेराचा. शंभर वेळा धुतलेले सुती लुगडे दाभणापुढे स्वतःच बाजूला सरते. त्याला जेवढे आटायचे तेवढे ते केव्हाच आटून गेलेले असते, आणि शिल्लक रंग सुटण्याची भीतीही नसते. माझा हा हट्ट भावनेचा आहे असे म्हणतात. तो निम्मा तरी तांत्रिक आहे.

अडचण अशी, की जुनेर आणायचे कोठून? नायलॉन घरोघर शिरले, १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील संपाने मुंबईच्या गिरण्या थांबल्या त्यांतल्या कित्येक पुन्हा नीट चालल्याच नाहीत, नऊवारी नेसणारी पिढी गेली, आणि घसरड्या साडीचा पदर दोन थरांत धरून ठेवणारा टाका अद्याप कोणी शोधलेला नाही. नोव्हेंबरात आमच्या चौकात रुई पिंजणारा बसतो. त्याच्याकडेही आता लोक जुनी रजई घेऊन येत नाहीत, फोमची गादी कोठे मिळेल ते विचारतात.

तरीही सर्वच ऱ्हास आहे असे लिहिले तर तो खोटा पंचनामा होईल. २००९ च्या नोव्हेंबरात मेट्रोची निळी मार्गिका नोएडात आली, तेव्हापासून दिल्लीच्या बायका पिशवीत चौकोन घालून तासाभरात येऊ लागल्या. २०१९ च्या जानेवारीत चेन्नईत या कामाचा अखिल भारतीय उत्सवही भरला. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन झाले, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या, आणि बायकांच्या ओव्यांचा एवढा अभ्यास करणारी विदुषी व्यासपीठावर पाहून मी मनात म्हटले, ओवीला ग्रंथ मिळाले, वाकळेला निदान एखादे दप्तर तरी मिळावे. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरची गोधडी पाहून थंडी वाजते का म्हणून विचारले.

यंदाच्या फेरीत एकीने दिवंगत यजमानांच्या शर्टाचा चौकोन पाठवला, खिशासकट. नव्या मंडळींनी खिसा उसवावा असा आग्रह धरला, कारण जाडीने सुई अडते. ती खरोखरच अडते, मी दोन मोडल्या. पण खिसा मी ठेवला, आणि पोट भरायला पोळीचा तुकडा हाताशी नव्हता म्हणून नातवाला म्हटले, त्यात काहीतरी घाल. त्याने संग्रहातले मेट्रोचे जुने प्लॅस्टिकचे टोकन घातले आणि मी वरून टाके मारले. आता तसली टोकने मिळत नाहीत असे कळल्यापासून तो ते परत मागतो आहे. गोधडी उसवली जाणार नाही, हे त्याला दोनदा सांगून झाले.