‘म्हणे’ : ऐकीव वार्तेचे व्याकरण

दोन स्त्रिया ओटीवर बसून तिसरीच्या संसाराविषयी बोलत असल्या, तर त्या बोलण्यास मराठीत दोन नावे मिळतात. ऐकणाऱ्यास ते रुचले तर हितगुज, न रुचले तर कुचाळकी. हा भेद नीतीचा आहे, भाषेचा नव्हे. भाषेच्या अभ्यासकाने आपले लक्ष ‘म्हणे’ या लहानशा शब्दाकडे वळवावे.

‘आजी म्हणे, उंबऱ्यावर बसू नये’ या वाक्यात ‘म्हणे’ हे क्रियापद आहे. परंतु ‘तिला नवरा मारतो म्हणे’ येथे त्यास कर्ता नाही आणि तो पुरविताही येत नाही. सांगणारी एक असो वा सारी आळी, रूप बदलत नाही. म्हणजे हे अव्ययच झाले आहे. मी पाहिले नाही, ऐकले आहे, एवढेच ते सांगते. क्रियापदाच्या रूपातून माहितीचा उगम दर्शविण्याच्या अशा प्रकाराची चर्चा रोमान याकोबसन यांनी १९५७ साली बल्गेरियन भाषेच्या आधारे केली होती. तुर्की भाषेतही असा प्रत्यय आहे.

या अव्ययाचे स्थान मात्र विशेष पाहण्यासारखे आहे. शेजारीण म्हणते, ‘तिनं घर सोडलं म्हणे.’ मैत्रीण तिलाच गाठून विचारते, ‘तू माहेरीच राहणार म्हणे?’ येथे वार्तेच्या खरेपणाचा निवाडा जिच्याविषयी ती वार्ता आहे तिच्याच हाती सोपविला जातो. आणि ती स्वतः उसळून म्हणते, ‘म्हणे मी घर सोडलं!’ वाक्यारंभी येताच ‘म्हणे’ ऐकीवपणा न दाखविता धिक्कार दाखवू लागते. गावाने तिच्याविरुद्ध वापरलेला शब्द ती जागा बदलून गावावर उलटविते. आमच्या शालेय व्याकरणांत या उलटापालटीस स्थान असावयास हवे होते.

‘म्हणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे, असा समज आहे. तो अर्धाच खरा. जिला पीडितेने स्वतः वळ दाखविले, ती जिवलग मैत्रीणही चारचौघींत ‘मारतो म्हणे’ असेच म्हणते. ‘तिनं मला सांगितलं’ असे म्हटले, तर सासरी तिचीच चौकशी होईल. लहान गावात अशी वाक्ये संध्याकाळपर्यंत सासूच्या कानी जातात. तेव्हा हे अव्यय सांगणारीस झाकते, तसे सोसणारीसही झाकते. अडचण अशी की, साक्षीदार कोण आणि नुसती वार्ता वाहणारी कोण, हे वाक्यावरून ओळखता येत नाही. मदत करू इच्छिणाराही तेथेच अडतो.

न्यायालयात ऐकीव साक्ष सामान्यतः ग्राह्य नसते. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमानुसार, हिंसा घडली असे मानण्यास कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दायित्व येत नाही. तेथे डोळ्यांनी पाहिल्याची अट नाही. ओटीवरची शेजारीणही अशी व्यक्ती असू शकते.