महामारीतील वार्धक्य
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी अमलात आली आणि पुढे पासष्टीवरील माणसांनी घरीच राहावे असा सरकारी निर्देश निघाला, तो त्यांच्या प्राणरक्षणार्थच होता. परंतु सकाळचा फेरफटका, देवळाचा कट्टा आणि समवयस्कांची संगत हीच ज्यांच्या मनःस्वास्थ्याची औषधे, त्यांच्यापैकी अनेकांना रोगभयाइतकाच एकांतवासही जाचक झाला. त्या आषाढीस माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या, आणि जन्मभर पायी वारी केलेली म्हातारी माणसे उंबरठ्याशी थांबली. हे दुःख मला क्षुल्लक वाटत नाही. अशा दुःखाचा ताण दीर्घकाळ टिकला की निद्रा खंडित होते, रक्तदाब व मधुमेह बळावतात. वृद्ध मात्र त्याची फिर्याद क्वचितच करतात. मंदावलेली भूक, चिडचिड, विसराळूपणा यांवरूनच घरच्यांना तो ओळखावा लागतो.