नदी नासवणाऱ्यांत आपला नंबर कितवा?



दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, पुण्यात संगमावर मुठा मिळते आणि ही मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत जाऊन सारं पाणी उजनीत साठतं. नदीवर मोटार टाकून ऊस भिजवणाऱ्याला हे सांगायला नको. नदी कोणी नासवली म्हटलं की शहर कारखान्याकडं बोट दाखवतं आणि आपण शहराकडं. हा वाद मोजमापानं मिटवता येतो.

पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू ओढून घेतात, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. चांगल्या पाण्यात लिटरमागे ७-८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. शहरी सांडपाण्याचा बीओडी साधारण २५० मिलिग्रॅम. डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा, म्हणजे आपण ज्याला मळीचं पाणी म्हणतो त्याचा, ४० ते ५० हजार!

पण नुसत्या तीव्रतेवर नंबर लावणं म्हणजे रिकव्हरी बघून टनेज न बघण्यासारखं आहे. तीव्रतेला रोजच्या लिटरनं गुणायचं. येतो तो भार. ४५ हजार बीओडीचा एक लाख लिटर स्पेंटवॉश नदीत गेला तर भार ४,५०० किलो. तेवढाच भार व्हायला शहराचं १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी लागतं. आता पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी रोज कित्येक कोटी लिटर आहे, तेव्हा एकूण भारात पहिला नंबर शहराचाच. फक्त उद्योगांची यादी केली तर मात्र आपल्याला मागं लपता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अति-प्रदूषणकारी १७ उद्योगांत साखर आणि डिस्टिलरी दोन्ही आहेत. त्याच मंडळाच्या २०१८ च्या यादीत सर्वांत बिघडलेल्या वर्गात मुळा आणि मुठा या नद्यांबरोबर नीराही होती. नीरेकाठी पुण्याएवढं शहर नाही, साखर कारखाने मात्र आहेत.

भोसरी-पिंपरीकडच्या प्लेटिंगच्या कामातले क्रोमियम, निकेल बीओडीत दिसतच नाहीत. ते कुजत नाहीत, जमिनीत साठतात. म्हणून धातूंचा रकाना वेगळाच धरावा लागतो.

आपल्या घरचा हिशेब असा. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, ते कुठंतरी निघणारच. २०१६ च्या नियमानं टनामागे २०० लिटरपर्यंत शुद्ध केलेलं पाणी सोडता येतं, नदीत सोडायचं तर बीओडी ३० च्या आत. पाच हजार टनी कारखान्याचा भार मग दिवसाला जास्तीत जास्त ३० किलो. तेवढंच पाणी शुद्ध न करता, १,५०० बीओडीचं गेलं, तर दीड हजार किलो. म्हणजे शुद्धीकरणाचा प्लँट बंद पडला की एका कारखान्याचे पन्नास कारखाने होतात, आणि तेही ऐन गाळपात, नदीची धार बारीक झालेली असताना. स्पेंटवॉश तर बाहेर जाताच कामा नये. बायोगॅस काढून, आटवून, प्रेसमडबरोबर कंपोस्ट करून किंवा बॉयलरमध्ये जाळून तो आतच संपवायचा असतो.

ओढ्याला काळं पाणी दिसलं तर ओढा नदीला मिळतो त्याच्या वरचा एक आणि खालचा एक, असे दोन नमुने घ्या. बाटली त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरा, तारीख-वेळ-जागा लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी गट ऑफिसला किंवा चिटबॉयकडे द्या. दोन दिवस गोठ्यात पडलेल्या बाटलीचा आकडा खोटा येतो.

— ऊस विकास अधिकारी