प्रज्वलन वितरक
पेट्रोल एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातील ठिणगी गुडदीला, म्हणजेच स्पार्क प्लगला, ठराविक क्रमाने व अचूक क्षणी उच्च विद्युत् दाब पोहोचविणारी प्रयुक्ती. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली प्रवर्तन वेटोळ्याची प्रज्वलन पद्धती कॅडिलॅक मोटारगाडीत १९१० च्या सुमारास आली. तिच्यातील स्पर्शकयुक्त वितरक पुढे सर्वत्र रूढ झाला व १९७० नंतर इलेक्ट्रॉनीय पद्धतींमुळे हळूहळू मागे पडला. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांत तो अजूनही वापरात आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेली १,७९८ घ. सेंमी. चार सिलिंडरांची एमजीबी ही अशा गाड्यांपैकी एक असून पुढील वर्णन तिच्या अनुषंगाने दिले आहे.

रचना व कार्य : वितरकाचा दंड एंजिनाच्या भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील चार उंचवट्यांचा कॅम स्पर्शकांची जोडी उघडतो. त्या क्षणी वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीतील प्रवाह खंडित होतो व द्वितीयक गुंडाळीत हजारो व्होल्ट दाब निर्माण होतो. फिरता रोटर हा दाब टोपणातील योग्य अग्रापर्यंत नेतो. स्पर्शकांना जोडलेल्या धारित्रामुळे त्यांच्यामधील ठिणगी रोखली जाते व प्रवाह झटकन थांबतो. इंधन-मिश्रण जळण्यास वेळ लागत असल्याने दट्ट्या शिरोबिंदूस पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. वेग वाढताच केंद्रोत्सारी वजने ठिणगी आणखी अगोदर पाडतात. भार कमी असताना हेच काम निर्वात पटलाकडून होते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने या एंजिनात सेकंदाला २०० ठिणग्या पडतात व भुजादंड १° फिरण्यास सेकंदाचा केवळ ३६,००० वा भाग लागतो.

बदलण्याची कारणे : दंडाचा बुश झिजला की दंड बाजूला हलतो, प्रत्येक उंचवट्यावर स्पर्शकांमधील अंतर वेगळे पडते व ठिणगीचा क्षण अस्थिर होतो. नवे स्पर्शक बसवून हा दोष जात नाही. वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्यास ठिणगी फार लवकर पडून नॉकिंग होते. अधिक वेगात त्याचा आवाज एंजिनाच्या आवाजात लपतो, पण दट्ट्या व धारव्यांना इजा होत राहते. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते, इंधन अधिक लागते व निष्कास झडप तापते.

निवड : एमजीबी गाडीत १९७४ पर्यंत लूकास २५ डी ४ व नंतर ४५ डी ४ या प्रकारचे वितरक होते. सारखे दिसणारे दोन वितरक वेग वाढल्यावर ठिणगी वेगवेगळ्या प्रमाणात आगाऊ पाडू शकतात. म्हणून कवचावरील क्रमांक पडताळणे आवश्यक असते. याच बी-मालिकेतील १,४८९ घ. सेंमी. एंजिन भारतातील हिंदुस्थान अँबॅसडर गाडीत होते. परंतु एकाच कुळातील एंजिनांचे वितरकही सरसकट अदलाबदल करता येत नाहीत. स्पर्शकांऐवजी इलेक्ट्रॉनीय संच बसविताना गाडीचे कोणते विद्युत् अग्र भूसंपर्कित आहे, हे पाहावे लागते. १९६७ पर्यंतच्या एमजीबी गाड्यांत ते धन अग्र होते. जोडणी उलटी झाल्यास संच जळतो.

बदलण्याची पद्धत : प्रथम विद्युत् घटमालेची जोडणी सोडवितात. गुडद्यांच्या तारांवर क्रमांक टाकून टोपण काढतात. पहिल्या सिलिंडरातील दट्ट्या संपीडन धावेच्या शेवटी येईल असे एंजिन फिरवून रोटरची दिशा व कवचाची स्थिती यांच्या खुणा करतात. नंतर कमी दाबाची तार व निर्वात नळी सुटी करून पकडपट्टीचे स्क्रू काढतात व वितरक सरळ बाहेर ओढतात. या वेळी एंजिन फिरू देऊ नये. दंडाच्या टोकाची खीळ मध्यापासून किंचित बाजूला असल्याने नवा वितरक एकाच स्थितीत खाचेत बसतो. तो बळाने दाबू नये. प्रज्वलनक्रम १-३-४-२ असून रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. तारा त्याच क्रमाने व दिशेने लावतात.

कालनिश्चिती : स्पर्शकांमधील अंतर आधी ठरवावे (२५ डी ४ मध्ये ०·३५ ते ०·४० मिमी.), कारण ते बदलले की ठिणगीचा क्षणही बदलतो. नंतर कप्पीवरील खूण नियमपुस्तिकेतील अंशावर आणतात. सुरुवातीच्या उच्च संपीडन एंजिनात ती शिरोबिंदूच्या १०° आधी असते. वितरकाच्या कमी दाबाच्या अग्राला १२ व्होल्टचा दिवा जोडून त्याचे दुसरे टोक भूसंपर्कित करतात व प्रज्वलन चालू करतात. कवच रोटरच्या दिशेने फिरवून स्पर्शक मिटवितात व मग उलट दिशेने हळू सरकवितात. दिवा लागताच स्पर्शक उघडले असे समजून पकड घट्ट करतात. अखेरीस निर्वात नळी सुटी ठेवून चमक दिव्याने चालत्या एंजिनावर पडताळणी करतात. वेग वाढविल्यावर खूण सावकाश पुढे सरकली व वेग उतरताच पूर्वस्थितीला आली, तर वजने व स्प्रिंगा ठीक आहेत असे समजते.

मूळ अंशमूल्ये त्या काळच्या उच्च ऑक्टेन अंकाच्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी ठरविलेली होती. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली. त्यामुळे कमी ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलवर चढणीत नॉकिंग ऐकू आल्यास ठिणगी एक-दोन अंश उशिरा पाडणे श्रेयस्कर ठरते.